पाटावरचं खोकं

सिंदी रेल्वे या गावात कापसाच्या जिनिंगवाल्यांना वजनकाट्याचे प्रोग्राम लिहून देणारा माझा मित्र, ते ज्यावर लिहायचा त्या विकतच्या सॉफ्टवेअरचं खोकं दर दसऱ्याला पाटावर मांडून पुजायचा. "सुताराची करवत, तसं माह्यं हे."

यंदा ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं तो विभाग तोडून निराळी कंपनी काढली. ‘ग्राहकांसाठी काहीही बदलणार नाही,’ असं पत्र आलं. हंगामाच्या तोंडावर सॉफ्टवेअर चालेना, प्रोग्राम अडले, जिनिंगवाले यालाच शिव्या घालू लागले. जुनी कंपनी म्हणाली, नवीला विचारा. नवी म्हणाली, तुम्ही जुनीचे ग्राहक.

मी चिडून निषेधाचं पत्रक लिहिलं, त्याच्या सहीसाठी नेलं.

"कोनाले पाठवशीन बे? दोघी बी हात वर करून राह्यल्या."

दसऱ्याला खोकं पाटावर होतं. त्याला चंदनाचा हार घातला होता, मेलेल्याच्या फोटोला घालतात तसा. माझ्या पत्रकात एवढं कडू काहीच नव्हतं.