मनीषनगरची मुकी मावशी

"मुलींशी बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे, शिकवायचं. पण तोंडाने नाही."

पहिलाच दिवस होता. मी पिशवीतून वही काढत होते, ती तशीच हातात राहिली. मनीषनगरातला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. समोर बारा वर्षांची इरा आणि नऊ वर्षांची तन्वी. दोघी कधीच शाळेत गेलेल्या नव्हत्या. शाळा मुलांना बिघडवते, असं त्यांच्या आईवडिलांचं मत. म्हणून पोरी घरीच शिकल्या. मातीची भांडी करत, पक्षी ओळखत, इंग्रजी फाडफाड बोलत. आता इराला मुक्त शाळेची परीक्षा द्यायची होती, त्यात मराठीचा पेपर होता, आणि तिला चार ओळी सरळ लिहिता येत नव्हत्या. वाक्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं, काही पत्ता नाही. धाकटीचं तर विचारूच नका.

म्हणून मला बोलावलं होतं. आणि मी काय केलं होतं? पोर घाबरलेली दिसली म्हणून तिच्याजवळ वाकून विचारलं होतं, "काहून वं, लिहायले आवडत नाही का तुले?"

एवढंच. मला प्रमाण मराठी येतं. मराठीत एम.ए. आहे मी, अकरा वर्षं शाळेत शिकवलंय. पण लेकरू बावरलेलं दिसलं की माझ्या तोंडून घरचंच येतं. त्याला मी काय करू?

मॅडमनी, म्हणजे पोरींच्या आईने, मला बाजूला घेतलं. आवाज अगदी गोड. "तुमचं लिखाण मी पाहिलं, फार सुंदर आहे. पण तुमचं बोलणं... मुलींचे कान अजून कोवळे आहेत हो. एकदा लागलं की जात नाही. आणि आवाजही जरा मोठा आहे तुमचा. तुम्ही सगळं कागदावर लिहूनच शिकवा ना."

कान कोवळे. जसा काही मी पोरींना गोवर द्यायला आले होते.

उठून निघून यायला पाहिजे होतं. आले नाही. माझी शाळा बंद पडून दीड वर्ष झालं होतं आणि घरी बसून मी भिंतींशी भांडायला लागले होते. मला खडू पाहिजे होता, मुलं पाहिजे होती. मी मान डोलावली. त्या घरातलं माझं बोलणं तिथेच संपलं.

मी निघताना मॅडमनी मुलींना सांगितलं, "या मावशी उद्यापासून येतील." त्यांच्या घरी पोळ्या करायला येणारीही मावशीच. भांडी घासणारीही मावशीच. तबला शिकवणारे मात्र सर होते.

आवाजाचं सांगते. माझं घर कोष्ट्यांचं. लहानपणी आमच्या घरात दोन माग होते. एका खोलीत माग, त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत माझा अभ्यास. बाबा मागावर बसले की दिवसभर खटखट, खटखट. आई बाजूला सुताच्या कांड्या भरत बसायची. कोणाला पाणी मागायचं तरी मागाच्या वरताण ओरडावं लागे. आमच्या घरात हळू बोलणं कोणाला ठाऊकच नव्हतं. गुपितंसुद्धा आम्ही ओरडूनच सांगायचो. माग गेले, बाबा गेले, आवाज राहिला. आईच्या कानांचं तर त्या खटखटीने पार वाटोळं केलं. ती आता माझ्याकडे असते, नंदनवन नावाच्या वस्तीत. तिच्याशी बोलायचं तर अर्ध्या गल्लीला ऐकू जातं.

तर असा माझा मोठा आवाज मी आठ महिने चपलेसोबत दाराबाहेर काढून ठेवत होते.

शिकवायचे कसे? पाठकोरे कागद. मॅडमच्या नवऱ्याच्या ऑफिसातून गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. मी एका कागदावर प्रश्न लिहायचे, सरकवायचे. इरा खाली उत्तर लिहून परत सरकवायची. चूक असली तर मी रेघ मारायचे आणि बाजूला लिहायचे, "हे मला समजलं नाही. कोण गेलं? कुठे गेलं?" ती वैतागायची, पुन्हा लिहायची. बोलून काम भागवायची सोयच नव्हती. पाणी पाहिजे? लिही. कंटाळा आला? का आला ते तीन वाक्यांत लिही. बहिणीने चिमटा काढला? तक्रारीचा अर्ज लिही, मायना नीट पाहिजे.

एकदा तन्वीने लिहिलं, "मावशी तुम्ही नंदनवनात राहता तर तुमच्याकडे किती झाडं आहेत." मी खाली लिहिलं, "एक तुळस आणि समोर एक उघडी नाली. नालीवर पाच वाक्यं लिही." तिने सात लिहिली. सातवं होतं, "मला ही नाली बघायची आहे." त्या दिवशी हसू दाबताना मला ठसका लागला. मोठ्याने हसायलाही बंदीच होती ना.

आणि पोरी लिहायला लागल्या! खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. सहाव्या महिन्यात इराने त्यांच्या गच्चीवरच्या कबुतरांवर दोन पानं लिहिली. एकेक वाक्य स्वच्छ, आपल्या पायावर उभं. अकरा वर्षं पन्नास-पन्नास पोरांच्या वर्गात घसा फोडून मला जे जमलं नव्हतं, ते इथे तोंड शिवून जमत होतं. हा विचार फार वाईट होता. माझ्या बोलण्यातच खोट असेल असं मला वाटायला लागलं.

घरीही मी कमी बोलायला लागले. हळू बोलायला लागले. आई माझ्या तोंडाकडे बघत बसायची. "काहून वं, घसा बसला का? एवढी हळू काहून बोलून राहिली? मले आयकूच नाही येत." मी हाताने काही नाही म्हणायचे. एक दिवस तर चहा झाल्याचं मी तिला कागदावर लिहून दाखवलं. आईला वाचता येत नाही. तिने कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

मग तो रविवार आला.

घरीच मुलांना शिकवणाऱ्या पालकांचा शहरात एक गट आहे. महिन्यातून एकदा जमतात. या वेळी मॅडमच्या इमारतीच्या हॉलमध्ये जमणार होते. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीही या. मुलींसोबत कागदावर थोडं करून दाखवायचं, बस." मी इस्त्रीची साडी नेसून गेले. वाटलं, चार लोकांसमोर आपलं काम दिसेल. आणखी दोन घरं मिळतील. मूर्ख!

वीसेक जण होते. मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मौन-लेखन. ही पद्धत म्हणे त्यांनी विकसित केली. शब्दांचा गोंगाट काढून टाकला की मूल आपोआप लिहू लागतं. इराची कबुतरं मोठ्या पडद्यावर दाखवली. मी मारलेल्या रेघा, बाजूला माझं अक्षर, सगळं दिसत होतं. टाळ्या पडल्या. मी आणि दोघी पोरी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून कागद सरकवत होतो. आम्ही पद्धत होतो.

एका गृहस्थांनी विचारलं, "छानच! आणि या ताई? या मुक्या आहेत का?"

मी मॅडमकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणजे, त्यांना बोलता येत नाही. त्यातूनच तर मला ही कल्पना सुचली."

सगळ्या हॉलचा चेहरा मऊ झाला. अरेरे, किती छान, असं काहीबाही कुजबुजले लोक. एक बाई उठून माझ्याजवळ आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, एकेक शब्द तोडत, मोठ्याने म्हणाल्या, "खूप... छान... काम... करता... तुम्ही!" मुकी म्हणजे बहिरीही, असा त्यांचा हिशेब.

माझे कान तापले. मला रडू येत नव्हतं, चीड येत होती. तोंड उघडायला गेले. आणि तेवढ्यात इराने एक कागद सरकवला.

स्वच्छ अक्षर. एक वाक्य, शेवटी पूर्णविराम. "मावशी, तुम्ही काही बोलू नका, आईला वाईट वाटेल."

हे वाक्य मला ठाऊक होतं. ते माझंच होतं.

माझी शाळा चालू असतानाची गोष्ट. स्नेहसंमेलनाला आईला घेऊन गेले होते. तिला फार हौस, लेक मास्तरीण झालेली बघायची. नवी साडी नेसून आली होती. मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या. मी आईला फाटकाजवळ थांबवलं आणि म्हटलं, "आई, आत गेल्यावर तू काही बोलू नको." तिचा मोठा आवाज, तिचं मले-तुले. मला लाज वाटत होती. आई दोन तास तोंडावर पदर धरून बसली. मुख्याध्यापिकांनी तिला विचारलं, जेवलात का आजी? तिने नुसती मान डोलावली. ती जेवली नव्हती.

तर मॅडमनी माझं तोंड बंद केलं, हे अर्धंच खरं आहे. ते काम मी त्यांच्या आधीच सुरू करून ठेवलं होतं. आपल्या आईपासून. आणि आता हीच विद्या मी या पोरीला शिकवली होती. आठ महिन्यांत, पाठकोऱ्या कागदांवर, चांगली घोटून घेऊन. दुसऱ्याला गप्प कर, पण नीट वाक्यात कर.

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली.

"मले बोलता येते," मी म्हणाले.

हॉलमध्ये माग सुरू झाल्यासारखा माझा आवाज घुमला. त्या बाईंचा हात खांद्यावरून झटकन निघाला.

"मी मुकी नाही. बहिरीबी नाही. एम.ए. आहो. आठ महिन्यांपासून या पोरींले मी शिकवून राहिली. या बाईंनं मले बोलू दिलं नाही. माझं बोलणं पोरींले लागून जाईन म्हणे!"

"मावशी," मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "असं काय करताय? आपण नंतर बोलू ना."

"आठ महिने नंतरच करून राहिली मी. आणि मावशी नाही. तबल्यावाल्याले सर म्हणता ना? मले मॅडम म्हणा."

"अहो, हळू," कोणीतरी मागून म्हणालं.

"हळू नाही येत मले."

तन्वी तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती. पहिल्या दिवसानंतर तिने माझा आवाज ऐकलाच नव्हता. इराची मान खाली होती. तिचा कागद माझ्या मुठीत होता. त्याची मागची बाजू छापील होती, कसलं तरी कंपनीचं पत्रक. मी तो तिच्यासमोर ठेवला. सवयीने हात पेनाकडे गेला. पेन उचललं नाही. तोंडाने सांगितलं.

"इरा, तुझं लिहिणं चांगलं झालं. पण हे वाक्य पुन्हा कोणालेच लिहून देऊ नको."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिची दया आली. तरी मी थांबले नाही. पिशवी उचलली आणि जिन्याने सात मजले उतरावेत तशी, हॉलच्या तीन पायऱ्या धाप लागत उतरले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ओरडून, पहिल्यासारखं. समोरच्या खिडकीत दोन डोकी आली. मला वाटलं, आई खूश होईल, पाठीवरून हात फिरवील. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आठ महिने काहून गप होती मग?"

मग मी तिला त्या स्नेहसंमेलनाचं विचारलं. आठवते का म्हटलं, फाटकाजवळचं.

"आठवते," आई म्हणाली. "त्या दिवशी भूक लागली होती मले."

एवढंच बोलून ती उठून तुळशीला पाणी घालायला गेली. माफ केलं म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. मागून मोकळं होण्याचा मला हक्क नव्हता.

दहा दिवसांनी मॅडमचा फोन आला. इराची परीक्षा तोंडावर आली होती. पोर लिहायलाच बसत नाही म्हणे, कागद फाडून टाकते. "तुम्ही या परत," मॅडम म्हणाल्या. "बोललात तरी चालेल. फक्त जरा..."

त्या 'जरा'पुढे काय होतं ते मी ऐकून घेतलं नाही.

"तुमच्या घरी येणार नाही मी," मी म्हणाले. "इराले माझ्या घरी पाठवा. नंदनवनात. तिथं माझी आई राहते, तिले कमी आयकू येते, म्हणून सारेच मोठ्यानं बोलतात. इरानंबी बोलाव. जे लिहीन ते आधी माझ्या आईले मोठ्यानं वाचून दाखवाव. माझ्या आईले समजलं तरच मी त्याले बरोबर म्हणीन."

मॅडमनी फोन ठेवून दिला.

इरा आलेली नाही. तिची परीक्षा बुडेल कदाचित, आणि ते मला लागेल. फार लागेल. चांगली लिहिणारी पोर आहे, मीच तिला तसं केलंय.

पण मी तिथे जाणार नाही. दुसरी तीन मुलं येतात माझ्याकडे, तीही घरीच शिकणारी. एकाचे वडील पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, आजींना आतल्या खोलीत बसवलं तर मुलांचं लक्ष लागेल." मी त्यांना दार दाखवलं. त्यांनी मुलाला परत नेलं नाही, पण नेलं असतं तरी चाललं असतं.

आई मधोमध बसते. मुलं तिला वाचून दाखवतात. ती "आँ? जोरात बोल!" म्हणून ओरडते. ती पोटभर बोलेल. मी बोलेन. ज्याचे कान कोवळे असतील त्याने ते घेऊन आपल्या सातव्या मजल्यावर राहावं.