चाचांचं निरोपखातं

साऱ्या रत्नागिरीत माझ्या मित्राच्या चाचांइतका शांततेला घाबरणारा माणूस दुसरा नसेल. उभी हयात आखातातल्या जहाजांवर वायरलेस सांभाळण्यात गेली. त्यामुळे जे बोलत नाही ते बुडालं, अशी त्यांची पक्की समजूत. फ्रीज घरघरायचा थांबला की हातातला पेपर टाकून ते त्याच्या पोटाला कान लावतात. चाची माहेरी गेल्या की तासातासाला फोन: "जेवलीस काय? गप का आहेस?" शेवटी चाची वैतागून दोन दिवस आधीच परत येतात.

निवृत्तीनंतर चाचा आमच्या कॉलेजात आपणहून मदतीला येऊ लागले. तिथे बारा संगणक एकमेकांना जोडून केलेला क्लस्टर आहे. बाराही मिळून एकच मोठं गणित सोडवतात. तो मी सांभाळतो. चाचांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "यातल्या एकाची वायर सुटली तर तुला कोण सांगतो?"

"कोणी नाही. दुसऱ्या दिवशी आल्यावर कळतं."

भर समुद्रात जहाज सोडून मी घरी जेवायला येतो, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठवडाभर खपून त्यांनी नेटवर्कवर काहीही घडलं की फोनवर निरोप येईल अशी सोय केली. काहीही म्हणजे काहीही! वायर सुटली, निरोप. लागली, निरोप. सगळं ठीक आहे, त्याचाही निरोप. निरोप जाणाऱ्यांच्या यादीत प्राचार्यही होते. पालकसभेत त्यांचा फोन इतका वाजला की शेवटी त्यांनी "यंत्रणा सुस्थितीत आहे" एवढंच वाचून भाषण आटोपलं. मग चाचांनी नियम बदलला: एकच वायर दहा मिनिटांत तीनदा सुटली, तरच ओरडायचं.

मे महिन्यात एका विद्यार्थिनीचं किनाऱ्याच्या धुपेचं गणित तीन आठवडे चालू होतं. मध्येच थांबलं असतं तर पहिल्यापासून सुरुवात, आणि प्रबंध द्यायला उरले होते चार दिवस. भर दुपारी निरोप आला. पाठोपाठ चाचांचा फोन. ते राजापूरला भाचीच्या लग्नात जेवायला बसले होते. "खोलीत जा. काय दिसतं?"

एसीचं पाणी थेंबथेंब, सगळ्या वायरी जिथे जुळतात त्या नेटवर्कच्या पेटीवर पडत होतं.

"एसी बंद करू?"

"मशिनी तापतील रे! छत्री आहे काय? उघड आणि धर."

चाचा एसटीने येईपर्यंत मी बंद खोलीत छत्री धरून उभा होतो. प्राचार्य डोकावले, वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार हलकेच लोटून गेले. चाचा शेरवानीतच आले, हातात बिर्याणीचा डबा. त्यांनी गळणारी नळी बसवली, वायर बदलली. गणित चालूच राहिलं. बातमी कळून धावत आलेली ती विद्यार्थिनी रडायला लागली तसे चाचा म्हणाले, "नको गो, आधीच पाणी खूप झालंय इथे."

यंदा चाचा-चाची लेकीकडे पुण्याला कायमचे राहायला गेले. जायच्या आधी चाचा कॉलेजात आले. "यादीतनं माझं नाव काढ."

"राहू दे की, चाचा."

"नको. निरोप आला तर मला तिथे पुण्यात गप बसवणार नाय रे."

मी नाव निवडलं. पुढे माझा हात होईना. त्यांनीच वाकून बटण दाबलं. मग बाराही यंत्रांसमोरून, प्रत्येकाचा हिरवा दिवा बघत, ते एकदा सावकाश चालत गेले.