टिपरच्या शेडमधला बँड

आमच्या डिचोलीकडच्या गावात चौघांचा एक रॉक बँड आहे आणि मी त्याचा भक्त आहे. माझं वय सदुसष्ट. या वयात माणसाने कीर्तनाला बसावं, असं माझ्या व्याह्यांचं म्हणणं. बसतो की! पण तिथे माझं मन रमत नाही, आणि का रमत नाही ते मी बरीच वर्षं बायकोशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं.

बँडचा सराव चालतो तो माझ्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये. शेजारी मूळचा सिंधुदुर्गातला, खाणीवर खनिज वाहणारा टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्या, टिपर विकला गेला आणि शेड रिकामी राहिली. त्याचा मुलगा गिटार वाजवतो. ड्रमवाला गावातलाच, चवथीच्या आरत्यांना घुमट, म्हणजे मातीच्या घड्याचं वाद्य, वाजवत मोठा झालेला. बेस गिटारवाला बेळगावकडचा, इथे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला. त्याच कारखान्यात काम करणारी मुलगी गाते. ती धारगळची. कारखाना सुटला की पाचच्या सुमारास बाकीचे स्कूटरवरून येऊन थडकतात.

ते वाजवतात ते मेटल. म्हणजे गिटार आणि ड्रम मिळून अंगावर चाल करून येतात. पण ती पोर गाते ती सोलच्या वळणाने. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी चर्चमधल्या भक्तिगीतांतून ही रीत घडवली, असं गिटारवाल्याने मला मोबाइलवर वाचायला दिलं होतं. मला ते लगेच पटलं. ती स्वतः देवळात भजनं म्हणत वाढली आहे. आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. खाली गिटार दगड फोडत असते आणि वर ही तान्ह्याला झोपवावं तसे शब्द आळवते. मुरगावच्या बंदरात कामाला गेलेल्या बापाची वाट पाहणाऱ्या मुलीचं त्यांचं एक गाणं आहे. त्यात एका जागी ड्रम थांबतात, बेस तेवढा चालू राहतो आणि ती एकच ओळ तीनदा म्हणते. दर वेळी मला तिथे भरून येतं.

सराव संपला की चौघं माझ्या दारापुढच्या ओट्यावर, बलकावात, येऊन विचारत, काका, आज कसं झालं? मी ठेक्यात चुका काढायचो, कारण तरुणपणी घुमट मीही वाजवलं आहे. काका म्हणजे खरा दर्दी, असं त्यांनी गावभर करून ठेवलं होतं. इतक्या जवळ राहून एकदाही कुरकुर न करणारा म्हातारा त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

खरी गोष्ट अशी की मी जवळजवळ बहिरा आहे. खाणीच्या क्रशरवर अठ्ठावीस वर्षं काढली, तिथेच कान गेले. आधी चिमण्या गेल्या, मग टाळ, मग बायकोचा बारीक आवाज. जाडेभरडे आवाज तेवढे उरले. बाजारात कुणी हाक मारली की बायको माझ्या आधी उत्तर देते. लोकांना वाटतं, ती तोंडाळ आणि मी बिचारा. तिने ते नाव माझ्यासाठी गुपचूप सोसलं. मी मात्र, बहिरा म्हणून कुणी कीव करील या भीतीने, तिला ते सोसू दिलं. कीर्तनात मला फक्त माणसांची हलणारी तोंडं दिसतात. गाणं म्हणून जे काही माझ्यापर्यंत पोचतं, ते या पोरांचंच.

मग तक्रार झाली. पलीकडच्या घरात एक निवृत्त हेडमास्तर संध्याकाळी शिकवण्या घेतात. त्यांनी अर्ज केला की सराव बंद व्हावा. माणूस सज्जन, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं. रविवारी सकाळी पंचायतीच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. आमच्या वाड्याचे पंच म्हणाले, सर्वांत जवळचं घर काकांचं, त्यांचा शब्द महत्त्वाचा. पोरं निर्धास्त झाली. मीही त्रास नाही एवढंच सांगून घरी जायचं ठरवून आलो होतो. बायकोला मी बरोबर घेतलं नव्हतं, एवढ्याशा कामाला ती कशाला म्हणून.

हेडमास्तर मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी तिथूनच मला काहीतरी विचारलं. मला पत्ताच नाही. मी समोरच्या कॅलेंडरकडे पाहत बसलो. जरा वेळाने लक्षात आलं की सगळी खोली माझ्याकडे बघते आहे. गिटारवाल्याचं तोंड उतरलं होतं. पंच माझ्या अगदी शेजारी होते. त्यांनी वाकून, चढ्या आवाजात समजावलं: या गोंगाटात घरात नवराबायकोला एकमेकांचं बोलणं तरी ऐकू येतं का, असं हेडमास्तर विचारताहेत, आणि तुम्ही गप्प आहात. संकोच कळतो. तेव्हा तुम्हालाही त्रास होतो असंच लिहितो. आणि त्यांनी पेन उघडलं.

मी उठून उभा राहिलो आणि पोरांकडे बोट दाखवत म्हणालो, "म्हाका आयकूंक येना. क्रशरार कान गेले. हीं भुरगीं वाजयतात, तें मात आयकूंक येता."

पंचांनी पेन बंद केलं. मग हेडमास्तर जवळ आले, मला दिसेल असे समोर उभे राहिले आणि सावकाश म्हणाले की मग तुमचा शब्द कुठल्याच बाजूने धरता येणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. ते हसले, मीही हसलो. शेवटी त्यांनीच तोड काढली. शिकवण्या दुपारीच, पाचच्या आत घ्यायच्या, पोरांनी सातला थांबायचं आणि घरांकडचा दरवाजा बंद ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले तरी शेडमधून काही येईना. मला वाटलं, सगळं समजल्यावर आता त्यांना माझी लाज वाटते. तेवढ्यात ती धारगळची पोर बलकावात आली आणि हाताला धरून मला शेडमध्ये घेऊन गेली. बेसच्या स्पीकरशेजारी खुर्ची मांडली होती. तिने खिशातून फोमचे दोन नारिंगी बोळे काढले. कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्यांना हे देतात. त्या चौघांच्याही कानांत तसेच होते. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काका, उरलां तितलें तरी सांबाळून दवरात."

बोळा चिमटीत कसा वळायचा, कान वर कसा ओढायचा आणि मग तो आत कसा सोडायचा, हे तिने दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा मी माझा मीच घातला. स्पीकरच्या लाकडावर तळवा ठेवला. त्यांनी बंदराचं गाणं सुरू केलं. आवाज जरा लांब गेला, पण होता. ड्रम थांबले, आणि ती ओळ तिने तीनदा म्हटली.

सात वाजता घरी आलो. खिशातले बोळे काढून बायकोच्या हातावर ठेवले. क्रशरवर अठ्ठावीस वर्षांत असे बोळे मला कुणी दिले नव्हते, हे तिला सांगता सांगता मला रडूच आलं.