सोडायचा कषाय, प्यायचा कषाय

दिवसाला सहा कप चहा पिणारी मी. आमच्या जैनांच्या पर्युषणात निपाणीच्या बस्तीत, म्हणजे देवळात, महाराजांसमोर उभी राहिले आणि दहा दिवस चहा सोडायचा नियम घेतला. शेजारणीनं घेतला म्हणून, दुसरं काय! घरी मुलगा हसला, "आई, तुझ्यानं व्हायचं न्हाय." मग तर मी इरेलाच पेटले.

पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की पंख्याच्या आवाजाचाही राग यावा. डॉक्टर म्हणाले, "चहा एकदम बंद केलासा न्हवं? अंगाला कॅफिनची सवय पडलेली असते. चार दिवस दुखंल, मग थांबंल." चार दिवस! इथं चार मिनिटं निघेनात.

तिसऱ्या दिवशी सुनेच्या हातनं तांब्या पडला. लग्नाला तीन महिने झालेली पोर, चिकोडीकडची, माहेरी सगळं कन्नड. मी अशी ओरडले की "आईनं हेच शिकवलं काय?" इथवर गेले. तिनं खोलीत जाऊन माहेरी फोन लावला आणि हळू आवाजात बोलत राहिली. पोर निघून गेली तर? एका तांब्यापायी! सकाळीच महाराज प्रवचनात सांगत होते, क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय सोडा. माझा चहा सुटला होता, पण पहिला कषाय जागच्या जागी.

थोड्या वेळानं ती दारात आली. मान खाली.

"अत्ती, कषाय घ्या."

कन्नडात सासूला अत्ती म्हणतात, तेवढं ठाऊक होतं. पण कषाय घ्या?

"मला टोमणा मारतीस व्हय गं?"

तिनं घाबरून हातातला पेलाच पुढं केला. धने-जिऱ्याचा काढा, दूध-गूळ घातलेला. तिच्या माहेरी ह्यालाच कषाय म्हणतात. मघाचा फोन आईला कृती विचारायला होता.

"डोकं दुखतंय न्हवं तुमचं," ती म्हणाली.

मला रडूच आलं. तिच्या ज्या आईचा उद्धार केला, तिनंच मला औषध सांगितलं होतं. "चुकलं गं माझं," म्हटलं आणि पेला रिकामा केला. मग रोज एक पेला ठरलाच.

नियम पार पडला. अकराव्या दिवशी मुलानं मुद्दाम कडक चहा करून दिला. दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

"कषाय हाय का गं थोडा?"

सून तोंडाला पदर लावून मुलाला म्हणाली, "महाराजांस्नी सांगून या. अत्तींचा कषाय काय सुटंना झालाय!"