ट्रंकेशेजारची टोपली

काल नगरपालिकेचा माणूस गल्लीतल्या नालीवर औषध फवारून गेला, आणि त्या उग्र वासासरशी मला आलापल्लीच्या पुढचं ते जंगलातलं गाव आठवलं, जिथं ऐंशीच्या दशकात मी एकटी नर्स म्हणून राहत होते. एका पावसाळ्यात हिवतापानं तिथली कितीतरी लेकरं गेली. म्हणून पुढच्या वर्षी आमच्या आरोग्य खात्याची डास मारायची पावडर, जंगल खात्याची जीप आणि घरोघर गोंडीत समजावून सांगणारे शाळेचे गुरुजी, असं सगळं एकदाचं जुळून आलं. फवारणीआधी घर रिकामं करावं लागे. सकाळीच अंगणाअंगणात मडकी, मोहफुलांच्या टोपल्या, खाटा येऊन पडल्या. मीही माझी खोली रिकामी केली. एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि वळकटी. नातू गमावलेली, मराठी येणारी शेजारची म्हातारी ते बघत उभी राहिली. “इतकंच? तुले कोनी नाई का वं, बाई?” “हायेत नं, ब्रह्मपुरीले.” “मंग भेटाले काऊन नाई येत?” मी वळकटीची दोरी सोडून पुन्हा बांधू लागले. आपल्या ढिगातली मोहाची टोपली उचलून तिनं माझ्या ट्रंकेला टेकवून ठेवली आणि फवारणी संपेपर्यंत तिथंच बसून राहिली. आता फवारणारा घरात येत नाही, सामान काढावं लागत नाही. तरी काल तो गेल्यावर मी ती जुनी ट्रंक ओढत अंगणात आणली, आणि तिच्या बाजूला एका टोपलीपुरती जागा सोडून बसले.