अख्ख्या भट्टीला आवतण

कॉलेजात चार वर्षं काढूनही एक दिवससुद्धा गाव न सोडलेली मुलगी कुणाला पाहायची असती, तर मी त्याला माझी हॉस्टेलमधली रूममेट दाखवली असती. कोल्हापुरात ती कॉम्प्युटर सायन्सची डिग्री घ्यायला आली होती हे खरं. फी भरलेली होती, हजेरीपटावर नाव होतं, खोलीत माझ्या शेजारी तिची कॉट होती. पण राहायची ती नेसरीच्या पलीकडच्या आपल्या गावात. कोल्हापूर ही तिच्या लेखी एसटीत चढण्या-उतरण्याची जागा होती आणि आमची डिग्री म्हणजे दोन शनिवारांच्या मधला नाइलाज. शनिवारच्या शेवटच्या तासाला तिच्या बाकाखाली धुवायच्या कपड्यांची आणि रिकाम्या डब्यांची पिशवी तयार असे. सरांनी "काही शंका?" असं विचारलं की ती मागे वळून सगळ्या वर्गाकडे अशी बघे, की डेटाबेसमधल्या आमच्या कितीतरी शंका कायमच्या मनात राहिल्या. सोमवारी परतताना त्याच पिशवीतून चटणी, काकवी, शेंगा आणि बाटलीभर दूध येई, आणि आल्याआल्या ती गावच्या बातम्या सांगायला लागे. कुणाच्या शेतात ऊसतोड आली, कुणाच्या पोरीला पाहुणे बघून गेले, कुणाची म्हैस व्याली. मी नाशिकची. ते गाव मी पाहिलंही नव्हतं, पण दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत तिथल्या निम्म्या भाऊबंदकीत माझं मत तयार झालं होतं.

तिचा प्रोग्रॅमही गावातच राहायचा. इतर मुलं प्रोग्रॅममधल्या आकड्यांना ए, बी, सी अशी नावं देत. हिच्या प्रोग्रॅममध्ये मात्र चांदी, बिजली आणि मोरी असत. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक गंभीर परीक्षक आले होते. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे चांदी काय आहे? आणि याची सुरुवातीची किंमत शून्य का?"

"सर, चांदी आमची म्हस हाय," ती शांतपणे म्हणाली. "सध्या आटल्या. म्हणून शून्य."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग बिजली किती देते, असं त्यांनी विचारलं. पुढची दहा मिनिटं पेंड आणि वैरण यांवर चर्चा होऊन तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. मी चिडले, तर म्हणाली, "तू बी एखादी म्हस पाळायची हुतीस की." ती बोलायची हे असं. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना बाप्यांसारखं 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, आणि ते तिच्या तोंडी इतकं शोभायचं, की तिसऱ्या वर्षी मीही घरी फोनवर 'मी जेवलो' म्हणून गेले. आईने लगेच तब्येतीची चौकशी केली.

शेवटच्या सेमिस्टरला आमच्या डिग्रीत कंपनीत जाऊन काम करायचं होतं. बाकीची मुलं पुण्याच्या मोठमोठ्या कंपन्यांसाठी धडपडत होती, मीही त्यांतलीच. हिने मात्र शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री शोधून काढली, आणि पुण्याने मला नकार दिल्यावर मलाही सोबत ओढून नेलं. लोखंड वितळवून गाड्यांचे भाग ओतायचा तो कारखाना. तिथे कामगारांच्या पाळ्या फळ्यावर खडूने लिहीत, त्या कॉम्प्युटरवर आणायचं काम आमच्याकडे आलं. हजेरी माझ्याकडे, पाळ्या तिच्याकडे. काम संपल्यावर दोघींपैकी एकीला कायम ठेवू, असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ती नोकरी नकोच होती, माझं सगळं लक्ष बेंगळुरूच्या एका कंपनीकडे होतं. तिला मात्र दुसरं काहीच नको होतं. "शिरोलीत ऱ्हायलो की शनवारी गाडीत बसलो, अंधार पडायच्या आत घरात," ती म्हणायची. सगळ्या आयुष्याचा बेत तिने त्या एका वाक्यात बसवला होता.

पाळ्यांची माहिती गोळा करायला ती भट्टीवर जाऊ लागली आणि आठवड्याभरात तिथे तिला दोन मामा, तीन काका आणि नात्यात कुठेतरी लागणारा एक आजा सापडला. प्रत्येकाला ती आधी गाव विचारी आणि मग, "तुमच्याकडं म्हाई कवा असती?" म्हाई म्हणजे गावची वर्षाची जत्रा. घरोघरी मटण शिजतं आणि ओळखीचा माणूस जेवायला आला नाही, तर तो अपमान वर्षभर लक्षात राहतो. त्या दिवशी भट्टीवर माणूस येत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाच्या गावच्या म्हाईची सुट्टी घातली. इथवर ठीक होतं. पण मग सासुरवाडीची म्हाई? तीही घातली. आणि ज्याची म्हाई, तो आपल्या पाळीतल्या सोबत्यांना आवतण दिल्याशिवाय राहील का? मग जेवायला जाणाऱ्यांनाही सुट्टी. "माणूस आवतण देतो आन् आपण कामावर? कसं दिसतंय ते?" मी हसले, पण मला तरी त्यात कुठे काय चुकीचं दिसलं होतं. चार वर्षांत तिने मलाही तिच्या गावची करून टाकलं होतं.

प्रोग्रॅम दाखवायच्या दिवशी मालकांनी माल घेणाऱ्या कंपनीचे दोन साहेब पुण्याहून बोलावले होते. माझ्या हजेरीचं कौतुक झालं. मग साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात आमची तातडीची ऑर्डर आहे, त्या मंगळवारी भट्टीवर कोण आहे ते दाखवा. तिने बटण दाबलं. पडद्यावर भट्टी रिकामी. साच्यांचा मोल्डिंग विभाग रिकामा. सुपरवायझर रजेवर. सगळ्यांत खाली मालकांचं नाव, त्यांच्यापुढेही सुट्टी.

"हे बिघडलंय का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब, बराबर हाय. भट्टीवाल्या मामांच्या गावची म्हाई हाय त्या दिशी, अख्ख्या भट्टीला आवतण हाय," ती म्हणाली आणि मालकांकडे वळली. "तुमास्नी बी आवतण हाय. गेल्या साली गेलतासा की."

मालक छताकडे बघू लागले. साहेबांनी मग आमचा माल कोण देणार, असं विचारलं. "आदल्या दिशी ओतून ठिवू की," हे तिचं उत्तर अगदी बिनतोड होतं, पण तोवर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. पाहुणे गेल्यावर मालकांनी तिला जवळ बसवून घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पोरी, तू लिवलंस ते समदं खरं हाय गं. पर गिऱ्हाइकाला दावायसारखं न्हवतं." नोकरी मला मिळाली.

बेंगळुरूच्या मुलाखतीत मी नापास झाले. मी आग्रह करकरून तिलाही त्या मुलाखतीला बसवलं होतं, ती पास झाली. जायच्या दिवशी मी तिला स्टँडवर पोचवायला गेले. ती म्हणाली, "जाऊ दे. दोघींतली एक तरी हितं ऱ्हायली." गाडी सुटेपर्यंत ती डब्यांच्या पिशवीची गाठ सोडत आणि पुन्हा मारत होती.

आता मी शिरोलीत आहे. भट्टीवाल्या मामांना मीही मामाच म्हणते. ते अधूनमधून विचारतात, "ती पोरगी कवा येतीया?" भाड्याच्या खोलीत आता माझ्यासोबत दुसरी मुलगी आहे, हळू बोलते, नीटनेटकी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण शनिवारची दुपार झाली की मला इतकं एकटं वाटतं, की कामात लक्ष लागत नाही.

परवा तिच्या गावची म्हाई झाली. तिच्या आईने मला आवर्जून बोलावलं होतं; मी त्यांना मावशी म्हणते. जेवायला बसल्यावर तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे काचेची भिंत, गळ्यात ओळखपत्र. "रजा मागितलो गं," ती म्हणाली. "कशाला पायजे म्हणून विचारलं. म्हाई म्हंजी काय, ते त्यास्नी समजंल असं सांगाय येईना मला. मग ऱ्हाऊ दे म्हणालो." तिने ताट दाखवायला सांगितलं, ते दाखवलं. गोठा दाखव म्हणाली, तोही उठून दाखवला. मग मावशींना फोन दिला. तेवढ्यात तिकडे तिला कुणीतरी मीटिंगला हाक मारली.

मावशींनी फोन उंबऱ्यावर ठेवला, पातेलं ओढलं आणि माझ्या ताटात रस्सा वाढला. मी पुरे म्हणाले, तर म्हणाल्या, "तिच्या वाटणीचं हाय. न्हाई म्हणू नगंस." ती नोकरी, तो शनिवार, ती अंधाराआधीची गाडी, सगळं तिच्या वाटणीचं माझ्याकडे आलं होतं. मी मान खाली घालून जेवले.