मी नाचलो होतो

काल भाजीबाजारात वाळक्या भोपळ्याचा वास आला आणि सन पस्तीसच्या सुमाराची, पेठकडच्या एका पाड्यावरची संध्याकाळ आठवली. मी तिथे नुकताच शिक्षक म्हणून गेलो होतो. भाताची कापणी उरकली होती. खळ्याच्या मधोमध एक म्हातारा भोपळ्याचा लांबलचक तारपा वाजवत होता. श्वास घेतानाही त्याचा सूर तुटत नव्हता. त्याच्याभोवती स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने, एका पावलाने फिरत होते.

एका आजीबाईंनी मलाही ओढले. नाशिकात कळले तर अब्रू जाईल, या भीतीने मी वळून निघालो. तशा त्या ओरडल्या, "ओ गुरुजी, तारप्याला पाठ नाय दावायची! रुसंल ना तो!"

सारे हसले. मी नाचलो. माझे पाऊल वारंवार चुकले, पण दोन्ही बाजूंच्या हातांनी मला सावरून घेतले.

पुढे सुटीत नाशिकला स्नेह्यांनी विचारले, "काय मास्तर, त्यांच्यात नाचलात की काय?"

"छे! मी लांबूनच पाहिले," मी म्हणालो.

एवढा निर्मळ आनंद मला पुन्हा क्वचितच लाभला. तो मान्य करायला मात्र वीस वर्षे लागली.